सीता अशोक म्हणून आणलं, पण दीड फुटी रोपाला फुलं आलेली: हा अशोक की एक्झोरा, आणि नागपुरात लावावं कोणतं?

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. मनीषनगरला ३० बाय ५०च्या प्लॉटवर नवीन घर झालं आहे. आईंना दारात सीता अशोक हवा, कारण त्यांच्या माहेरी चैत्रात अशोकाष्टमीला त्याच्या आठ कळ्या पाण्यातून घ्यायची पद्धत होती. तुम्ही नर्सरीतून २५० रुपयांना ‘सीता अशोक’ आणला. रोप दीड फुटाचं, आणि पिशवीत असतानाच त्याला केशरी-लाल गुच्छ आलेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, हा तर एक्झोरा, ते शोभेचं झुडूप. भाऊजी म्हणाले, सीता अशोक संपत चाललाय, एक्झोरा गल्लोगल्ली दिसतो, म्हणून अशोकच लावायला हवा. आणि तुम्ही विचारता, दोघांत चांगलं कोणतं?

या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न गुंतलेत: हातात आलेलं रोप कोणतं, तुमच्या अंगणात कोणतं जगेल, आणि संकटातलं झाड दारात लावलं म्हणजे त्याचं काही भलं होतं का. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी निघतात. मी २८ वर्षं हिंगणा रोडच्या बाजूला रोपवाटिका चालवतो. दोन्ही झाडं विकली आहेत, दोन्ही मारलीही आहेत. पुढचं सगळं त्या अनुभवावरचं.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: काकू बरोबर आहेत. बियापासून वाढवलेला सीता अशोक दीड फुटाचा असताना फुलत नाही, त्याला पाच-सात वर्षं लागतात. गुटी बांधून (फांदीला झाडावर असतानाच मुळं फोडून) किंवा कलम करून केलेलं रोप लवकर फुलू शकतं, पण ते २५० रुपयांत मिळणं कठीण, आणि त्याच्या खोडावर कलमाची खूण किंवा जून फांदीचा जाडपणा दिसतोच. एक्झोरा मात्र छाटापासून, म्हणजे फांदीचा तुकडा लावून, करतात आणि तो मुळं धरताच काही महिन्यांत फुलायला लागतो. पिशवीतलं रोप फुलावर असलं की गिऱ्हाईक थांबतं, हे आमच्या धंद्यातलं साधं गणित आहे.

तरी खात्री तुमची तुम्ही करून घ्या. त्यासाठी फुलाकडे नका बघू, पान बघा. फुलाने भलेभले फसतात, कारण दोन्हींचे गुच्छ गोलसर, दोन्ही केशरी-लाल, आणि दोन्हींत चार-चार पाकळ्या असल्यासारख्या वाटतात. पानात मात्र गोंधळाला जागाच नाही. एक्झोराचं पान साधं आणि एकटं असतं, चकचकीत, जवळजवळ देठाशिवाय खोडाला चिकटलेलं, आणि समोरासमोर जोडीने येतं. त्या जोडीच्या मधोमध, खोडावर, नखाच्या टोकाएवढं एक टोकदार पातं असतं. भिंग असेल तर घ्या, नसेल तर बोटाने चाचपा, टोचतं. सीता अशोकाचं पान चिंचेसारखं संयुक्त. हसू नका, हा अशोक खरंच चिंचेच्या जवळच्या नात्यातला आहे. एका दांड्यावर समोरासमोर तीन ते सहा जोड्या पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे भाग, टोकाला एकटी पर्णिका नाही. फक्त चिंचेची पर्णिका नखाएवढी आणि याची चांगली वीतभर लांब, त्यामुळे लोक एकेका पर्णिकेलाच पान समजतात आणि घोळ होतो.

आता फूल. एक फूल तोडून तळहातावर घ्या. एक्झोरा असेल तर खाली टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा पेला, त्यातून इंच-दीड इंच लांबीची सुईसारखी बारीक नळी, आणि नळीच्या तोंडाशी बेरजेच्या चिन्हासारख्या चार पाकळ्या. पाकळ्यांच्या मधल्या फटींत चार आखूड पुंकेसर आणि मधोमध एक काडी, टोकाला दुभंगलेली. नळी अलगद ओढली की अख्खं फूल सुटून हातात येतं. लहानपणी आम्ही त्याच नळीचं बूड चोखायचो, मधाचा एक थेंब मिळायचा.

अशोकाचं फूल हाताळायला वेगळंच. त्याला पाकळ्याच नसतात. आपण पाकळ्या समजतो ती निदलं, म्हणजे एरवी हिरवा असणारा बाहेरचा घेर, इथे रंग घेऊन आलेला. त्यातून सात-आठ लांब पुंकेसर मांजराच्या मिशांसारखे बाहेर झुकतात, टोकं काळपट जांभळी. फूल उमलतं तेव्हा पिवळट, मग नारिंगी, जुनं होत जातं तसं लाल, म्हणून एकाच गुच्छात तिन्ही रंग सापडतात. आणि हे गुच्छ फक्त शेंड्याला येत नाहीत, जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावरही फुटतात. एक्झोरा खोडावर कधीच फुलणार नाही, त्याचा गुच्छ कोवळ्या शेंड्याला. पुढे फळ धरलं तर उरलासुरला संशयही मिटतो: अशोकाला वीतभर चपटी शेंग, एक्झोराला वाटाण्याएवढं लाल, पिकल्यावर काळपट फळ. एक्झोरा कॉफीच्या कुळातला, ती फळं बघितली की ते पटतं.

नावाचा घोळ इथेच संपत नाही. नागपुरात रस्तोरस्ती, बंगल्यांच्या भिंतींना लागून जी उंच, छत्री मिटून ठेवल्यासारखी, लोंबत्या नागमोडी पानांची झाडं दिसतात त्यांनाही आपण अशोकच म्हणतो. दसऱ्याचं तोरण होतं त्याच्याच पानांचं. तो खोटा अशोक, हिरवा अशोक. गंमत अशी, की तो सीताफळाच्या कुळातला आहे, आणि ज्याच्या नावात ‘सीता’ आहे त्याचा सीताफळाशी काही संबंध नाही! आईंना आठ कळ्या हव्यात त्या या झाडाच्या नव्हेत. याची फुलं हिरवट, पानांत मिसळून जाणारी, वर्षानुवर्षं झाड दारात असूनही कित्येकांनी ती पाहिलेली नसतात.

तुम्हाला फसवलं का, असंही तुम्ही विचारलंय. त्या नर्सरीवाल्याला मी ओळखत नाही, पण लगेच चोर ठरवणार नाही. आपल्याकडच्या नर्सऱ्यांतला पुष्कळसा माल बाहेरून ट्रकने येतो, आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमपासून ते बंगालपर्यंत. चढवता-उतरवताना चिठ्ठ्या इकडच्या तिकडे होतात, आणि विकणाऱ्या पोराला कोणीतरी सांगितलेलं नावच तो पुढे सांगतो. मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून ३० रोपं घेतली, ‘सीता अशोक’ म्हणून. पानं संयुक्त, कोवळी पालवी लोंबती, सगळं बरोबर. विकून टाकली. सहा वर्षांनी लक्ष्मीनगरच्या एका आजोबांचा फोन आला, “अहो, फुलं आली, पण पिवळी धमक आहेत आणि पंधरा दिवस झाले तरी पिवळीच.” जाऊन पाहिलं तर तो पिवळा अशोक निघाला, आग्नेय आशियातला, याचाच चुलतभाऊ. पानं त्याची अधिक लांब असतात, पण रोपाच्या वयात ते माझ्या लक्षातच आलं नाही. आजोबा चांगले, म्हणाले, असू दे, सुंदर दिसतंय. पण त्यांच्या पत्नीनेही चैत्रातल्या कळ्यांसाठीच ते लावलं होतं, आणि ती मधल्या काळात गेली. तेव्हापासून ज्या झाडाला फुललेलं मी स्वतः पाहिलंय त्याचंच बी पेरतो. तुम्हीही रोप घेताना आईझाड कुठलं हे विचारा. उत्तर देताना माणूस चाचरला तर दुसरीकडे जा.

जुन्या पुस्तकांत नाव शोधाल तर आणखी एक खाच आहे. बरीच वर्षं आपल्या सीता अशोकाला ‘साराका इंडिका’ लिहीत. आता आपल्याकडचा तो ‘साराका असोका’, आणि ‘इंडिका’ नावाचं झाड, नाव काही सांगो, आग्नेय आशियातलं वेगळं. चिठ्ठीवर इंडिका दिसलं तर दोन्ही शक्यता उरतात, जुन्या सवयीने लिहिलेलं असेल किंवा खरंच दुसरं झाड असेल.

आता दुसरा प्रश्न: नागपुरात जगेल कोणतं? इथे मी ‘अवलंबून आहे’ म्हणणार, आणि कशावर तेही सांगतो.

सीता अशोक हे ओढ्याकाठचं, सावलीतलं झाड. पश्चिम घाटातली सदाहरित जंगलं, ईशान्येकडचे डोंगर, श्रीलंका, हे त्याचं घर. तिथे हवेत ओल असते, डोक्यावर मोठ्या झाडांचं छप्पर असतं, पायाशी पालापाचोळ्याचा थर. आपल्याकडे पाऊस वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. आपलं जंगल साग, पळस, मोह, तेंदूचं, उन्हाळ्यात पानं टाकून देणारं. त्यात हा पाहुणा पानं न टाकता उभा राहतो आणि दुपारच्या झळा थेट अंगावर घेतो. म्हणून मे अखेरीस पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात. तरी झाड मरत नाही. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या आवारांत मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढलेले अशोक मी पाहिलेत, छान डेरेदार. त्यांना मिळालेली गोष्ट एकच, दुपारी दोन ते पाचची सावली.

म्हणजे आधी हे बघायचं, की तुमच्या प्लॉटवर दुपारची सावली कुठे पडते. घराच्या पूर्वेला जागा असेल तर सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी घरच सावली धरतं, अशोकाला याहून चांगलं काही नाही. फक्त पश्चिमेची बाजू असेल आणि समोर तापलेला सिमेंट रस्ता, तर पहिले तीन उन्हाळे तुम्हाला लेकरासारखं सांभाळावं लागेल. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत पश्चिमेकडून हिरवी जाळी, बुंध्याभोवती चार बोटं वाळल्या पानांचा थर, आणि आठवड्यातून दोन-तीनदा एका वेळी पंधरा-वीस लिटर पाणी. रोज तांब्याभर घालू नका. त्याने मुळं वरवरच राहतात आणि तुम्ही चार दिवस लग्नाला गेलात की झाड माना टाकतं.

दुसरी गोष्ट जागा. तो वीस-तीस फुटांचं, चांगल्या घेराचं झाड होतो. भिंतीपासून आठ-दहा फूट तरी हवेत. ३० बाय ५०च्या प्लॉटवर बाजूला सांदवाडी म्हणून चार-पाच फुटांची पट्टी उरते, तिथे लावू नका. समोर फाटकाजवळ दहा-बारा फूट मोकळे असतील तरच विचार करा, आणि वरून विजेची तार जात नाही ना हे मान वर करून बघा. शहरातलं झाड पुढे मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही, १९७५च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून जागेचा हिशेब आधी करा.

तिसरी माती. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते. त्यात तीन फुटांचा खड्डा खणून वरून छान पोयटा-शेणखत भरलं की त्या खड्ड्याचा हौद होतो, सगळीकडचं पाणी त्यातच मुरतं आणि मुळं कुजतात. ओढ्याकाठचं झाड असलं तरी त्याला वाहतं पाणी आवडतं, डबकं नाही. म्हणून मी खड्ड्याचा तळ मुरमापर्यंत फोडतो आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच, उंचवट्यावर लावतो. लावायची वेळ जूनअखेर, दोन चांगले पाऊस झाल्यावर. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका, आपल्याकडे त्यानंतर आठ-दहा दिवसांची कोरडी उघडीप हमखास येते.

एक खुलासा आत्ताच करतो, म्हणजे नंतर फोन यायचा नाही. अशोकाची नवी पालवी गुलाबी-तांबूस रंगाची, ओल्या फडक्यासारखी लोंबत येते. लोकांना वाटतं झाड कोमेजलं. मग दोन बादल्या पाणी, मग युरिया, मग खरंच कोमेजतं. काही करू नका. आठ-पंधरा दिवसांत ती पानं आपोआप ताठ आणि हिरवी होतात.

आता एक्झोरा. तुमच्या भाऊजींना वाटतं तो गल्लोगल्ली आहे म्हणजे सोपा. नागपुरात तो सोपा नाही. हे माझं मत थोडं उलटं वाटेल, पण माझ्याकडे तक्रारी येतात त्यात अशोकाच्या दोन तर एक्झोराच्या दहा. एक्झोराही मूळचा आपल्याकडचा नाही, दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा, किंचित आम्ल मातीत सुखी राहणारा. आपली काळी माती चुनखडीची, उलट स्वभावाची. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. मग पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारख्या. काटोल-नरखेडकडच्या संत्रावाल्याला हे पान दाखवा, तो नाव न विचारता सांगेल काय झालंय, त्याच्या बागेत हेच रडगाणं असतं.

त्यात मनीषनगर-बेसा भागातलं बोअरचं पाणी. तुमच्या नळाच्या तोटीवर पांढरा थर जमतो का? जमत असेल तर तोच थर कुंडीत जमतोय. आणि कूलर! नागपूरकराची एक सवय आहे, उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घालायचं. वाया जाऊ नये हा हेतू चांगला, पण कूलरमधून पाण्याची वाफ उडून जाते आणि क्षार मागेच राहतात. आठवडाभर फिरलेलं ते पाणी मूळच्या बोअरपेक्षा कितीतरी खारट झालेलं असतं. कडुलिंबाला घाला, बोगनवेलीला घाला, एक्झोराला अजिबात नको. एका बाईंची बारा कुंड्यांची रांग मी अशीच पिवळी पडलेली पाहिली. त्या म्हणाल्या, “रोज पाणी घालते हो.” कूलरचंच.

यावर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. जमिनीऐवजी १४ इंची कुंडीत लावा, काळी माती वापरूच नका. लाल माती, कुजलेलं शेणखत, थोडी वाळू, थोडं कोकोपीट. पावसाचं पाणी एखाद्या पिंपात साठवता आलं तर सोन्याहून पिवळं. पान पिवळं पडलंच तर हिराकस (फेरस सल्फेट), लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम आणि सोबत चिमूटभर लिंबूसत्त्व, संध्याकाळी पानांवर फवारा. उन्हात फवारलं तर पानावर डाग पडतात, आणि फरशीवर सांडलं तर गंजाचा डाग जात नाही, हे आधी सांगतो. नुसतं मातीत हिराकस टाकून आपल्या मातीत फार दिवस उपयोग टिकत नाही, चुना त्याला पुन्हा बांधून टाकतो. मातीतून द्यायचंच असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे चुन्याने बांधलं जाऊ नये असं केलेलं लोह, मिळतं, त्यातलं ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं घ्या, ते चुनखडीच्या मातीतही टिकतं. प्रमाण पाकिटावरचं.

आणि त्याला कुंपणासारखं सारखं कातरू नका. गुच्छ शेंड्याला येतो, तुम्ही दर पंधरा दिवसांनी शेंडे कापाल तर फुलं कुठून येणार? बहर संपला की एकदाच छाटा. मिलीबग या रस शोषणाऱ्या किडीवर नजर ठेवा, पानांवर काळं चिकट दिसलं आणि मुंग्यांची ये-जा सुरू झाली की शेंड्याच्या बेचक्यात पांढरा कापूस शोधा. एवढं केलं की तो मात्र दिलदार आहे, वर्षातले बरेच महिने फुलतो आणि मोठी फुलपाखरं त्या लांब नळ्यांत सोंड घालायला येतात. सीता अशोक तसा नाही, त्याचा बहर वर्षातून एकदाच, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणून तर चैत्रातल्या अष्टमीला त्याच्या कळ्या मिळतात.

म्हणजे आतापर्यंतचं एवढं: तुमच्याकडचं रोप एक्झोरा आहे, त्याला कुंडी आणि गोडं पाणी हवं. अशोकाला पूर्वेची किंवा दुपारी सावलीत जाणारी जागा, भिंतीपासून अंतर आणि तीन उन्हाळ्यांची राखण हवी. दोन्हींत चांगलं कोणतं हा प्रश्न त्यामुळे मला पटत नाही. एक आंगण व्यापणारं झाड, दुसरं कुंडीतलं झुडूप, एकामुळे दुसऱ्याची जागा अडतच नाही.

तिसरा प्रश्न भाऊजींचा, आणि त्यांची तळमळ खरी आहे. सीता अशोक आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत ‘व्हल्नरेबल’ म्हणजे धोक्याच्या छायेतला म्हणून नोंदला गेलाय, ती नोंद १९९८ची. संपला असा त्याचा अर्थ नाही. रानातली त्याची झाडं घटत चालली आहेत, असा अर्थ आहे. कारण मुख्यतः त्याची साल. स्त्रियांच्या तक्रारींवरच्या अशोकारिष्टासारख्या औषधांना ती लागते आणि मागणी मोठी आहे. साल काढणारा पुढच्या वर्षीचा विचार करत नाही, खोडाभोवती गोल सोलून काढतो. झाडाचं अन्न पानांतून मुळांकडे जातं ते सालीतूनच. गोल सोललं की मुळं उपाशी पडतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. त्यातच ओढ्याकाठची जंगलं गेली. आणि साल मिळेना तेव्हा बाजारात खोट्या अशोकाची साल मिसळायला लागले. म्हणजे नावाचा जो घोळ तुमच्या नर्सरीत झाला, तोच औषधाच्या पोत्यातही होतो.

यात मनीषनगरच्या एका झाडाने काय फरक पडणार? रानातल्या अशोकाला थेट काहीच नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगतो. अंगणातलं झाड म्हणजे जंगल नव्हे. फरक पडतो तो दोन बाबतींत. एक, तुम्ही बियापासून केलेलं रोप घेता की रानातून उपटून आणलेलं. उपटून आणलेलं स्वस्त असतं आणि बहुधा मरतं, ते घेऊ नका. दुसरं, तुमच्या झाडाला शेंगा धरल्या तर त्यांचं बी वाटता येतं. हे बी साठवून ठेवायचं नसतं, वाळलं की उगवण झपाट्याने कमी होते. शेंग पिकून तडकली की रात्रभर पाण्यात भिजवायचं आणि लगेच पेरायचं, तीन आठवड्यांच्या आसपास कोंब दिसतो. माझ्या रोपवाटिकेतली आजची बरीच रोपं एका गिऱ्हाइकाने पिशवीत घालून आणून दिलेल्या मूठभर बियांची आहेत.

आणि हो, घरचंच झाड आहे म्हणून त्याची साल काढून काढा करायचा विचार आईंच्या किंवा कुणाच्याही मनात असेल तर तो सोडा. कोवळ्या झाडाची साल काढणं म्हणजे झाड मारणं. औषध हवं तर वैद्यांना विचारून दुकानातून घ्या. चैत्रातल्या आठ कळ्यांनी झाडाचं काही बिघडत नाही.

भाऊजींना आपल्याच भागातलं, कमी होत चाललेलं झाड जगवायची हौस असेल तर मी बिजा सुचवीन. विदर्भाच्या जंगलातला, ज्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी पितात तो. त्याला आपलं ऊन नवीन नाही. पण तो तुमच्या प्लॉटवर मावणार नाही. गावाकडे शेताचा बांध असेल तर तिथे लावा.

जुन्या काव्यात म्हणतात, सुंदरीच्या डाव्या पायाची लाथ बसली की अशोक फुलतो. झाडाच्या त्या हट्टाला संस्कृतात दोहद म्हणत, आपला डोहाळे शब्द त्यातूनच आला. माझ्या अनुभवात अशोकाचे डोहाळे साधे आहेत: दुपारची सावली, पायाशी पाचोळा आणि निचऱ्याची जमीन. लाथ कुणी मारून पाहिली नाही.

तर तुम्ही असं करा. आणलेला एक्झोरा परत करू नका, पायरीजवळच्या कुंडीत लावा, तो या दिवाळीपर्यंत आईंना फुलं देईल. अशोक जूनअखेर लावू, पण त्याआधी एका सुटीच्या दिवशी, मे महिन्यातच, दुपारी एक, तीन आणि पाच वाजता घराच्या चारही बाजूंचे फोटो काढून पाठवा, सावली कुठवर येते ते दिसेल असे. आणि प्लॉटचं तोंड कोणत्या दिशेला आहे तेही लिहा, ते तुम्ही सांगितलेलंच नाही.